घंटी वाजली की गप्प होणारा आत्मा

दाई डोंग गावाबाहेरच्या पडक्या वीटभट्टीपाशी त्या दिवशी मुंगी शिरायलाही जागा नव्हती. भाताची लावणी उरकली होती, हाताला काम नव्हतं, आणि मेलेली माणसं बोलणार होती. मग घरी कोण थांबतंय? थाय बिन्हच्या आसपासच्या सगळ्या गावांतून माणसं लोटली होती. कुणी सायकलच्या कॅरियरवर म्हातारीला बसवून आणलं होतं, कुणी पाय बांधलेली कोंबडी हँडलला लटकवली होती, उदबत्त्यांचे जुडगे तर प्रत्येकाच्या काखेत. या मुलखात असं घर नाही ज्यातलं कुणी अमेरिकनांशी झालेल्या लढाईत गेलं नाही, आणि गेलेल्यांतल्या कितीतरी जणांची हाडं दक्षिणेच्या जंगलात कुठं पडली हे कुणालाच ठाऊक नाही. लढाई संपून चोवीस वर्षं झाली होती. गावच्या हुतात्मा-स्मशानात त्यांच्या नावाची थडगी होती, वर तारा कोरलेला, दर सणाला उदबत्ती लागायची. आत काही नव्हतं.

ती रिकामी थडगी भरून द्यायला वांग मामा आला होता.

इकडं आत्मे बोलावणाऱ्याला मामाच म्हणायची रीत आहे, मग तो वयानं केवढाही असो. हा जेमतेम चाळिशीचा, तेलकट चेहऱ्याचा, पांढऱ्या रेशमी सदऱ्यातला गडी. कपाळाला लाल फडकं, हातात पितळेची घंटी, आणि तोंडाचा पट्टा असा की बाजारात औषधं विकणाऱ्यानं त्याच्याकडं शिकवणी लावावी.

“ढकलाढकली नको,” तो सांगत होता. “तिकडं वर पण रांगच आहे. तुमचा पोरगा बिचारा नंबर लावून उभा आहे आणि तुम्ही इथं एकमेकांच्या पायावर पाय देताय. ज्यांनी कोंबडी आणली ते पुढं या. ज्यांनी नुसतीच श्रद्धा आणली ते मागं बसा, श्रद्धेला मागूनही ऐकू येतं.”

लोक हसले आणि हसता हसता त्यांनी हात जोडले.

“मुई आजी कोण? पुढं या आजी. तुमचा खांग आलाय.”

चौऱ्याऐंशी वर्षांच्या मुई आजीला धरून तिची सून लुआ पुढं आली. लुआ गावच्या शाळेत पहिलीला शिकवायची, नुकतीच निवृत्त झाली होती. गर्दीतल्या अर्ध्या लोकांनी अक्षरं तिच्या छडीखाली गिरवली होती. आज मात्र तिच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

वांग मामानं डोळे मिटले, काहीतरी पुटपुटला आणि घंटी वाजवली. सगळीकडं सामसूम झाली. मग भट्टीच्या उंचवट्याच्या पोटातून, थेट मातीतून आवाज आला. आधी एक हुंदका, त्याच्यामागून लांब, घोगरा, घुमणारा सूर.

“मा... मा... मी मेलोय गं... इथं फार अंधार आहे... मला माझं घर सापडत नाही...”

बायकांनी हंबरडा फोडला. मुई आजी लुआच्या हातातून निसटली, रांगत रांगत उंचवट्यापाशी गेली आणि मातीला कान लावून पडली. “आले रे, आले, बू आली तुझी,” असं ती मातीला सांगत राहिली. वांग मामानं तिला पोटभर रडू दिलं. लोक पुरेसे भिजले असं वाटल्यावर त्यानं मनगट हलवलं. घंटी किणकिणली आणि आवाज शब्दाच्या मध्यावरच तुटला.

लुआच्या मानेवर काटा आला होता, पण तो भीतीचा नव्हता. हा आवाज तिनं पूर्वी कधीतरी ऐकला होता. कुठं, ते काही केल्या आठवेना.

“मामा, एक विचारू?” ती म्हणाली.

“विचारा की बाई.”

“खांग या गावात जन्मला, इथंच वाढला. आईला तो बू म्हणायचा, आमच्याकडं सगळेच म्हणतात. हा मा मा करतोय, आणि हेल तर पार सायगावचा.”

वांग मामाच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. “बाई, तुमच्या गावचा न्हावी सायगावला दोन वर्षं राहून आला. आता कसा बोलतो?”

“सायगावकरासारखा,” गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

“जित्या माणसाची जीभ दोन वर्षांत फिरते. खांगभाऊ एकोणतीस वर्षं दक्षिणेच्या मातीत पडलाय. माती तिकडची, पाणी तिकडचं, शेजारी पडलेले मुडदे तिकडचे. हेल लागणार नाही तर काय होईल?”

हशा पिकला. डुकराचं मांस विकणारी थिन मागून म्हणाली, “बाई, शाळा सुटली तुमची. आत्म्याला कशाला तोंडी परीक्षेला बसवताय?”

वांग मामा तेवढ्यावर थांबणारा नव्हता. शंका घेणाऱ्याला तिथल्या तिथं ठेचलं नाही तर धंदा बसतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्यानं पुन्हा डोळे मिटले.

“खांगभाऊ आणखी सांगतोय. म्हणतोय, माझी हाडं मिळतील. क्वांग त्रीच्या रानातून मामा ती लाल फडक्यात बांधून आणील. पण मी घरात शिरू कसा? दारात कुणीतरी आडवं बसलंय. जिला माझा संशय येतो तिच्या हातचा भात माझी बू खाते, म्हणून इकडं माझ्या तोंडात एक शीत पडत नाही.”

सगळ्यांनी लुआकडं पाहिलं. मातीला चिकटलेल्या मुई आजीनंसुद्धा मान वळवून पाहिलं.

लुआ लग्न होऊन या घरात आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. खांगला सैन्यातून मोजकीच रजा होती. ती संपल्यावर तो दक्षिणेला गेला आणि मागोमाग लुआही रस्ते दुरुस्त करणाऱ्या मुलींच्या तुकडीत दाखल झाली. ती परत आली, तो आला नाही. पुढं तिला मागण्या आल्या, चांगल्या आल्या. सासूनंच सांगितलं होतं, पोरी, लग्न कर. लुआनं केलं नाही. तेव्हापासून दोघी एका भांड्यात शिजवून एका चटईवर जेवत होत्या. गावातल्या सुना एकमेकींना टोमणा मारायच्या, की सासू मिळावी तर मुई आजीसारखी आणि सून असावी तर लुआसारखी.

भट्टीवरून आल्या आल्या मुई आजीनं अंगणात तीन विटा मांडून वेगळी चूल पेटवली.

“बू, हे काय चाललंय?”

“पौर्णिमेला हाडं येणार. त्याआधी तू भावाकडं निघून जा.”

“मी कशाला जाऊ? हे घर माझं नाही?”

“घर खांगचं आहे. तो दाराबाहेर उभा आहे आणि तू आडवी बसलीस.”

“तो माणूस खोटारडा आहे, बू.”

“आवाज ऐकलास ना तू?”

“ऐकला.”

“मग तो आवाज कुठनं आला ते सांग. मातीत माणूस पुरून ठेवलाय का त्यानं? नाही ना सांगता येत? मग मला शिकवू नकोस. मी तुझ्या पहिलीतली नाही.”

म्हातारीला धड दिसत नव्हतं. भात करपला. तो करपलेला भात तिनं मुकाट खाल्ला आणि लुआनं समोर ठेवलेल्या आमटीकडं ढुंकून पाहिलं नाही. लुआला रडू आलं. आयुष्यात तिचं असं एकच माणूस उरलं होतं आणि एका घंटीवाल्यानं ते बसल्या जागी काढून नेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती केस विंचरत होती. तिची फणी ॲल्युमिनियमची आहे. लढाईच्या दिवसांत पाडलेल्या विमानाचा पत्रा कापून पोरं अशा फण्या करायची आणि मुलींना द्यायची. शत्रूनं बॉम्ब टाकायला पाठवलेल्या विमानानं मुली भांग पाडत. ही फणी मुळात लुआची नव्हती, न्हायची होती. दाते केसांतून फिरले आणि न्हाय आठवली, न्हायपाठोपाठ तो आवाज आठवला. लुआचा हात डोक्यावरच थांबला.

त्रुओंग सनच्या डोंगरात, खड्डे बुजवून झाल्यावर मुली जेवायला बसल्या होत्या. उजेड अजून होता. वरून हेलिकॉप्टर आलं, पण बॉम्ब पडले नाहीत. आकाशातून मयताचं वाजप ऐकू आलं आणि मग हाच हुंदका, हाच घोगरा सूर. मी मेलोय, मला घर सापडत नाही. तुकडीची प्रमुख ओरडली, “वर बघू नका. गोळी झाडू नका. हे रडणारं हेलिकॉप्टर आमिष आहे, मागं दुसरं आहे.” ते सगळ्यांना ठाऊक होतं. मग आकाशातून एक लहान मूल रडायला लागलं. बा, घरी ये ना, बा. न्हाय अठरा वर्षांची होती, घरी धाकटा भाऊ सोडून आली होती. तिला ते सोसवेना. तिनं बंदूक उचलली आणि आकाशावर रिकामी केली. मागच्या हेलिकॉप्टरनं नेमकी तिची जागा हेरली. मुलींना तिच्याजवळचं गोळा करता आलं ते म्हणजे ही फणी.

हे भूत अमेरिकन फौजेनं बनवलेलं होतं. बॉम्ब टाकून हे लोक वाकत नाहीत म्हटल्यावर त्यांनी चौकशी केली की यांना कशाची भीती वाटते. उत्तर मिळालं, घरापासून दूर मरायची. माती मिळाली नाही तर आत्मा जन्मोजन्म भटकतो, ही भीती. मग एका स्टुडिओत इथलीच माणसं बसवली, त्यांच्याकडून रडून घेतलं, त्यावर विहिरीतल्यासारखा घुमारा चढवला आणि ते रडणं कर्ण्यांतून जंगलावर ओतलं. गंमत म्हणजे त्यांच्या बाजूनं लढणारे दक्षिणेचे शिपाईही ते ऐकून थरथर कापायला लागले. शेवटी आपल्याच लोकांजवळ हा टेप वाजवू नका असा हुकूम त्यांना काढावा लागला.

आणि तेच पगारी रडणं आता दाई डोंगच्या मातीतून येत होतं. ज्या आवाजानं न्हायला मारलं तो आवाज बूला करपलेला भात खायला लावत होता. लुआ शांत बाई म्हणून गावात प्रसिद्ध आहे. त्या सकाळी तिला त्या माणसाची मान कोंबडीसारखी पिरगाळावीशी वाटत होती. तिनं केस घट्ट बांधले, फणी अंबाड्यात खोचली आणि ती घराबाहेर पडली.

दुपारी सगळं गाव झोपलेलं असताना ती भट्टीवर गेली. उंचवट्याच्या एका बाजूची माती ताजी होती. तिथून पेंढ्याची एक ओळ बांधावरून थेट पाण्याच्या पंपाच्या खोपटापर्यंत गेली होती. बांधावर पेंढा कोण अंथरतं? तिनं पायानं जरा बाजूला सारला. खाली काळी वायर होती. खोपटात वांगचा मेव्हणा दाक मोटारसायकलची बॅटरी उशाला घेऊन घोरत होता आणि शेजारी टेपरेकॉर्डर होता. लुआनं पेंढा होता तसा सारखा केला. वायर तोडली असती तर आत्मा गप्प झाला असता, आणि आत्मा मुका झाल्याचं खापर तिच्याच डोक्यावर फुटलं असतं.

तिथून ती तुआतकडं गेली. तुआत खांगच्या बरोबरीचा, लढाईत एक पाय घालवून आलेला, कुबडीवर चालणारा माणूस. सायकलींचे पंक्चर काढायचा. त्याच्या तोंडाला गावातले पुढारीसुद्धा भीत. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “चल, पोलिसांना सांगू.”

“पोलीस त्याला उचलतील. लोक म्हणतील, सरकारनं देवमाणसाला छळलं. सुटून आला की शेजारच्या जिल्ह्यात त्याची पूजा सुरू. मला तो नुसता पकडायचा नाही, तुआत. मला तो त्याच्याच आवाजात बुडालेला बघायचाय.”

“म्हणजे कसा?”

“तो आवाज आपोआप थांबत नाही. हा घंटी वाजवतो, तिकडं दाक बटण दाबतो. शब्द अर्धा असला तरी तुटतो. म्हणजे टेप पुढं आहे. आणि पुढं काय आहे ते मी जंगलात ऐकलंय.”

“पुढचं त्यानं पुसून टाकलं असेल तर?”

“पुसायला अक्कल लागते. घंटीत भागत असेल तर कोण कष्ट घेतंय?”

तुआत कितीतरी वेळ हसत होता. मग हसणं थांबवून त्यानं विचारलं, “खोपटात कोण बसणार?”

“तू.”

सातव्या महिन्याची पौर्णिमा हा आमच्याकडं भटक्या आत्म्यांचा दिवस. पातळ पेज करतात आणि फणसाच्या पानांच्या द्रोणांत वाढून दारोदार ठेवतात. त्या दिवशी चौथ्या प्रहरी भट्टीवर याआधी कधी नव्हती एवढी गर्दी झाली. पुढं मुई आजी बसली होती. तिच्या मांडीवर मातीची पेटी, पेटीत लाल फडक्याचं गाठोडं. वांग मामानं ते सकाळीच तिच्या ओटीत घातलं होतं आणि बजावलं होतं, शंभर दिवस गाठ सोडायची नाही, आत्म्याला ऊन लागतं. म्हातारी गाठोड्याला थोपटत होती. लुआचं कपड्यांचं बोचकं घराच्या ओट्यावर बांधून ठेवलेलं होतं, तेही म्हातारीनंच.

“आज खांगभाऊ शेवटचा बोलणार,” वांग मामा म्हणाला. “मग सुखानं आपल्या थडग्यात निजणार. रुमाल काढून ठेवा.” त्यानं घंटी वाजवली.

हुंदका आला, तो घुमणारा सूर आला. “मा... मी मेलोय गं...” बायका रडायला लागल्या. नेमकी तेव्हा लुआ उठली, हात जोडून पुढं आली आणि वांग मामाच्या पायांशी बसली.

“मामा, चुकलं माझं. मी संशय घेतला.”

वांग मामाचा चेहरा खुलला. भर गर्दीत मास्तरीण पायावर आली, आणखी काय हवं?

“ज्या घंटीचं माझा नवरा ऐकतो, ती एकदा कपाळाला लावू द्या. मग मी गाव सोडून जाते.”

“घ्या बाई, घ्या. पश्चात्तापाला मामाच्या दारात उशीर नसतो.” त्यानं घंटी दिली. लुआनं ती कपाळाला लावली. मग तिचा लोलक मुठीत दाबला आणि तिथंच मांडी ठोकली.

“...मला घर सापडत नाही... मा...”

“आणा बाई,” वांग मामानं हात पुढं केला.

“थांबा की मामा. नवरा बोलतोय माझा. इतक्या वर्षांनी बोलतोय, पुरतं बोलू द्या.”

“आत्मा दमतो. घंटी द्या.”

“जिवंतपणी दमत नव्हता.”

वांग मामानं खोपटाकडं पाहिलं. खोपटाच्या दारात आतल्या बाजूला तुआत ठाण मांडून बसला होता, कुबडी दाकच्या छातीवर आडवी. “चालू दे पोरा,” तो दाकला सांगत होता. “छान वाजतंय. बटणाला हात लावलास तर दुसरी कुबडी बनवायला तुझंच हाड घेईन.”

आणि मातीतला खांग पुढं बोलायला लागला. “...मित्रांनो, मी फुकट मेलो... तुम्ही मरू नका... बंदुका टाका... या बाजूला या... इथं भात आहे, औषध आहे...”

गर्दीतलं रडणं हळूहळू विरलं. मागं म्हातारे सैनिक बसले होते, छातीवर बिल्ले लावून. त्यांनी एकमेकांकडं पाहिलं.

“खांग असं म्हणतोय?” एक जण म्हणाला. “बंदूक टाका म्हणून? खांग?”

“खांगभाऊ, पुरे,” वांग मामा मातीकडं बघून म्हणाला. “खांगभाऊ, आता जा.”

खांगभाऊ गेला नाही. त्याच्याऐवजी एक लहान मूल रडायला लागलं. “बा, घरी ये ना... बा, मी वाट बघतोय...”

थिननं रुमाल डोळ्यांवरून काढला. “लुआ बाई, खांगला पोर कधी झालं?”

“मलाही आत्ताच कळतंय,” लुआ म्हणाली.

पहिलं हसू कुणाचं फुटलं ते माहीत नाही. मातीतून आता एक साफसूफ, सरकारी आवाज येत होता. जो शिपाई हात वर करून समोर येईल त्याला इजा होणार नाही, तो सांगत होता. वांग मामा मातीवर पाय आपटत होता, “थांब, मी हुकूम देतो, थांब,” असं ओरडत होता. आत्मा त्याला भीक घालत नव्हता. टेपवरचं ते भाषण संपलं, जरा खरखर झाली, आणि मग मातीतून चा-चा-चाचं नाचाचं गाणं सुरू झालं. वांगनं भूत जुन्या नाचगाण्यांच्या कॅसेटवर उतरवून घेतलं होतं. हुतात्मा खांगच्या आत्म्यानं दाई डोंग गावाला ठेका धरायला लावला आणि लोक पोट धरून हसायला लागले. बुवाला शिव्या पचतात. त्या हसण्यापुढं मात्र वांग मामाचा रेशमी सदरा घामानं अंगाला चिकटला.

तुआत दाकला पुढं घालून आला, टेपरेकॉर्डर दाकच्याच डोक्यावर. चार जणांनी वायर ओढली. ती पेंढ्याखालून वर येत येत उंचवट्यात शिरली. तिथं खणलं तेव्हा माशाच्या खारवणाचा मोठा रांजण निघाला आणि त्यात उपडा ठेवलेला कर्णा. गावाला रोज पहाटे बातम्या ऐकवून उठवतो तसलाच पत्र्याचा कर्णा. रांजणानं आवाजाला घुमारा दिला होता, बाकी काही नाही.

“ऐका,” लुआ उभी राहून म्हणाली. वर्गात बोलायची तशी बोलली. “हा आवाज मी जंगलात ऐकलाय. हेलिकॉप्टरमधून सोडायचे. ऐकून आपण पळावं म्हणून, आणि नाही पळालो तर चिडून गोळी झाडावी म्हणून, म्हणजे आपली जागा त्यांना कळेल. न्हाय म्हणून माझी मैत्रीण होती. तिनं गोळी झाडली. कुठून मिळवलंस हे, वांग?”

“सायगावच्या भंगारबाजारात,” वांग म्हणाला. आता त्याला कुणी मामा म्हणत नव्हतं.

“ज्यांनी तो बनवला ते शत्रू होते. लढाईत शत्रूकडून आणखी काय अपेक्षा करायची? तू तर घरचा. तू आमच्याच मेलेल्यांना आमच्यावर सोडलंस.”

मग सगळ्यांच्या नजरा मुई आजीकडं गेल्या. म्हातारी गाठोडं धरून तशीच बसली होती. लुआ एक पाऊल पुढं झाली आणि थांबली. वांगला बुडवायला तिला काही वाटलं नव्हतं, पण बूच्या मांडीवरून ते उचलायला हात धजेना. म्हातारीनं तिच्याकडं पाहिलं, आणि तिनंच आपल्या वाकड्या बोटांनी गाठ सोडली.

हाडं होती. पिवळी, घासून धुतलेली. थिन पुढं वाकली आणि तिनं तोंडावर हात घेतला. तिला काही सांगावं लागलं नाही. तिथं बसलेल्या प्रत्येक बाईनं ते हाड आयुष्यभर उकळलं होतं. डुकराचा गुडघा कुणाला कळत नाही?

पुरुषांनी वांगला दोन्हीकडून धरलं. एकाच्या हातात कुदळ होती.

“त्याला मारू नका,” मुई आजी म्हणाली. “माझ्यापुढं बसवा.”

वांगला तिच्यापुढं बसवलं. तिनं हाडं पुन्हा फडक्यात ठेवली. घाई केली नाही. गाठ मारली, तिच्यावर दुसरी मारली, आणि ते गाठोडं त्याच्या गळ्यात अडकवलं.

“घरी पितरांचा देव्हारा आहे?”

“आहे, आजी.”

“बापाचा फोटो आहे त्यात?”

“आहे.”

“मग हे त्या फोटोपुढं ठेव. माझ्या पोराच्या नावानं आणलंस ना? आता तुझ्या बापाच्या नावानं पूज. रोज उदबत्ती लाव, खाली वाकून नमस्कार कर. आणि शंभर दिवस गाठ सोडू नकोस हं, तुझ्या बापाला ऊन लागेल.”

वांग रडायला लागला. “आजी, माफ करा.”

“नाही करत,” म्हातारी म्हणाली.

लोकांनी त्याला पोलीसचौकीपर्यंत पायी नेलं. चार गावांतून, गळ्यात डुकराची हाडं, डोक्यावर खारवणाचा रांजण, आणि मागं दाक टेप वाजवत. तुआतनं कॅसेट पुन्हा पहिल्यापासून लावली होती. मी मेलोय, मी मेलोय, असं तो आवाज रस्ताभर सांगत होता आणि दारादारांतून माणसं बाहेर येऊन बघत होती. वांग दर शंभर पावलांवर वळून विनवत होता, बंद करा, बाई, बंद करा ते. घंटी लुआच्या हातात होती. चौकी येईपर्यंत तिनं ती वाजवली नाही. न्हाय गेल्यापासून तिच्या छातीत जे दाटून बसलं होतं ते त्या रस्त्यावर हलकं झालं, आणि त्याबद्दल तिला कधी वाईट वाटलं नाही.

परत आली तेव्हा मुई आजी हुतात्मा-स्मशानात खांगच्या थडग्यापाशी बसली होती. वांगच्या सांगण्यावरून हाडांसाठी उघडलेली फरशी तशीच बाजूला होती. लुआ शेजारी टेकली.

“मला पहिल्याच दिवशी कळलं होतं,” म्हातारी म्हणाली. “तो मा म्हणाला तेव्हाच कान म्हणाला, हा आपला नाही. मी कानाला गप्प केलं. वाटलं, कुणी का असेना, आई म्हणून हाक तर मारतोय. आणि त्यापायी तुला घराबाहेर काढायला निघाले.”

“फरशी लावायची का, बू?”

“लाव. आत काही नको. ही रिकामी जागा माझ्या पोराची आहे, तिच्यात डुक्कर निजवायचं नाही.”

दोघींनी मिळून फरशी ढकलली. मग म्हातारी म्हणाली, “भूक लागलीय. तू काय केलंयस?” अंगणातल्या तीन विटा लुआनं घरी गेल्या गेल्या उचलून कुंपणाला लावल्या.

ती कॅसेट आता शाळेत असते. निवृत्त झाली तरी लुआ दर वर्षी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी वर्गात येते, खिडक्या सताड उघडते आणि भर उजेडात टेप लावते. पहिलीची पोरं पहिल्या हुंदक्याला एकमेकांना बिलगतात. ती त्यांना रडू देत नाही. “कोण रडतंय?” ती विचारते. “पगार घेणारा माणूस,” खिडकीतून डोकावणारी मोठी पोरं ओरडून सांगतात. “बंद कसं होतं?” मग ज्याला सगळ्यात जास्त भीती वाटली असेल त्या मुलाला ती पुढं बोलावते आणि बटण त्याच्याच बोटानं दाबायला लावते. आवाज तुटतो. मूल आधी बोटाकडं बघतं, मग हसतं.

“आकाशातून आवाज येवो, मातीतून येवो, की कुणाच्या अंगात येवो,” ती त्यांना सांगते, “हात जोडायच्या आधी बटण शोधायचं. आणि जो म्हणेल शोधू नका, त्याच्या हातातली घंटी आधी काढून घ्यायची.”